पुनर्रचनेचा हिशेब : यवतमाळच्या सरकारी नोकरीची सात दशके

खाती जोडणे किंवा तोडणे, मंडळाच्या कंपन्या करणे, एका संस्थेकडची कामे कर्मचाऱ्यांसह दुसरीकडे सोपवणे, पदांची संख्या नव्याने ठरवणे, या सर्व निर्णयांना मिळून शासनयंत्रणेची पुनर्रचना म्हटले जाते. असे निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होतात आणि त्यांची चर्चा बहुधा खर्च, कार्यक्षमता व राजकारण या अंगांनी होते. ज्याच्या मालकाचेच नाव एका रात्रीत बदलते, त्या कर्मचाऱ्याच्या अंगाने ती क्वचितच होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे मोठे उद्योग मोजके आहेत आणि बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे, तेथे सरकारी किंवा निमसरकारी नोकरी हाच कुटुंबाला स्थैर्य देणारा सर्वांत खात्रीचा मार्ग राहिला आहे; म्हणून तेथे या प्रश्नाचे वजन अधिक आहे. या जिल्ह्याने गेल्या सात दशकांत अनुभवलेल्या पुनर्रचना एकापाठोपाठ तपासल्या, तर त्यांत एक समान धागा आढळतो. कायद्याने प्रत्येक वेळी त्या दिवशी नोकरीत असलेल्या माणसाला संरक्षण दिले, परंतु तो ज्या पदावर होता त्या पदाला दिले नाही. त्यामुळे पुनर्रचनेची खरी किंमत त्या खुर्चीवर नंतर बसणाऱ्याने मोजली, किंवा खुर्चीच उरली नाही म्हणून बाहेर राहिलेल्याने मोजली.

यवतमाळला फेररचना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात वणी या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला आणि मोडीत निघालेल्या वाशीम जिल्ह्याचा पुसद तालुका त्याला जोडला गेला. मात्र आधुनिक अर्थाने पहिली मोठी पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची. फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केलेली असतानाही विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून काढून द्वैभाषिक मुंबई राज्यात घालण्यात आले, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि नागपूरकडे पाहून काम करणाऱ्या यवतमाळच्या तहसील व जिल्हा कचेऱ्या मुंबईच्या सचिवालयाशी जोडल्या गेल्या. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ११५ ने या कर्मचाऱ्यांना महत्त्वाचे अभय दिले : हस्तांतरणापूर्वीच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेवाचून कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलता येणार नाहीत.

तथापि दोन राज्यांतील नोकरवर्ग एकत्र आणायचा म्हणजे कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे हे आधी ठरवावे लागते. या प्रक्रियेला पदांचे समकक्षीकरण म्हणतात, आणि कामाचे स्वरूप, जबाबदारी, किमान पात्रता व वेतन या चार कसोट्यांवर ते करावे असे ठरले होते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात मध्य प्रदेशातील एखाद्या पदाला मुंबई राज्यात जोडच नसे, किंवा जोड असलेल्या पदाचा पगार वेगळा असे, आणि मग सेवाज्येष्ठतेच्या, म्हणजे कोण कोणाच्या आधी लागला या क्रमाच्या, सामायिक याद्या वर्षानुवर्षे वादात राहत. महाराष्ट्राच्या विक्रीकर खात्यातील असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल लागायला १९८१ साल उजाडले. पदोन्नतीसाठी विचार होण्याचा हक्क ही सेवाशर्त आहे, परंतु पदोन्नतीची निव्वळ शक्यता ही सेवाशर्त नव्हे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. हे सूत्र पुढील प्रत्येक पुनर्रचनेला लागू पडते, म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे. पगार, पदनाम आणि निवृत्तिवेतन वाचले तरी नव्या, लांब यादीत कर्मचारी पन्नासाव्या क्रमांकावरून पाचशेव्या क्रमांकावर गेला, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचे काही गेलेले नसते. आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने बरेच काही गेलेले असते. कुंठित पदोन्नतीवर उतारा म्हणून शासनाने पुढे १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीची योजना आणली, तिचेच आजचे रूप म्हणजे दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पदाचे वेतन देणारी आश्वासित प्रगती योजना. तिने पगार वर सरकतो. अधिकार आणि काम तेच राहते.

महसूल खात्यात तर १९५६ नंतरही अकरा वर्षे जुनाच कायदा चालू होता. मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले तरी विदर्भातील जमीन महसुलाचा कारभार १९५४ च्या मध्य प्रदेश संहितेनुसार चाले, आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आल्यावरच यवतमाळचा पटवारी कायद्याने तलाठी झाला. खेड्यातले जुने लोक त्याला त्यानंतरही पटवारीच म्हणत राहिले.

दुसऱ्या पुनर्रचनेचे कर्तेपण मात्र यवतमाळच्याच एका सुपुत्राकडे जाते. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. तिने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विदर्भात त्यापूर्वी जनपद सभा होत्या. मध्य प्रांत-वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ साली तालुकावार स्थापन झालेल्या या स्थानिक संस्थांकडे प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते अशी कामे सोपवली गेली होती. म्हणजे यवतमाळच्या एखाद्या ग्रामीण शाळेतील शिक्षक आधी जिल्हा कौन्सिलचा, मग जनपद सभेचा आणि मग जिल्हा परिषदेचा नोकर झाला, आणि हे सारे चौदा वर्षांच्या आत घडले. तरीही १९६२ ची पुनर्रचना कर्मचाऱ्यांच्या बाजूने सर्वांत फलदायी ठरली, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, कृषी व बांधकाम विभागांतील कनिष्ठ कर्मचारी यांच्या भरतीला नियम आले, पगाराला राज्य शासनाच्या अनुदानाचा आधार आला, आणि पंचायत समित्यांच्या जाळ्याने खेड्यातल्या शिकलेल्या मुलाला तालुक्याच्या गावी नोकरी मिळण्याची वाट उघडली. काटकसरीच्या विचाराऐवजी विस्ताराच्या विचाराने झालेली पुनर्रचना कर्मचाऱ्याला सहसा जाचत नाही. ती जाचते ती पैसा आटल्यावर.

जिल्हा परिषदेच्या रचनेत एक पेच मात्र तेव्हापासून आहे, आणि तो यवतमाळला विशेष भोवतो. वरचे अधिकारी राज्य सेवेचे आणि त्यांच्या बदल्या राज्यभर. तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी जिल्हा सेवेचे आणि त्यांची सेवाज्येष्ठता त्या एका जिल्ह्यापुरती. एखादा शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाकडे गेला, तर नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत तो शेवटच्या क्रमांकावर येतो आणि मागची सारी वर्षे पदोन्नतीच्या दृष्टीने वाया जातात. तरीही अनेकजण तो तोटा पत्करून जातात. यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके सोळा. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतील कोलाम पोडांवरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरची, शाळा आणि उमरखेडकडची शाळा यांत एक अख्खा जिल्हा आडवा पसरलेला आहे. बाहेरून आलेला कर्मचारी येथून निघण्याची वाट पाहतो आणि येथला उमेदवार भरतीची वाट पाहतो. दोघांच्या मधली जागा रिकामी राहते.

एस. टी. ची कथा याहून उफराटी आहे. विदर्भात बसवाहतूक नागपूरहून चालणाऱ्या शासकीय प्रांतिक वाहतूक सेवेकडे होती. १९६१ साली ती राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. महामंडळ ही १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ अधिनियमाखालची स्वतंत्र कायदेशीर संस्था असल्याने तिचा चालक-वाहक शासनाचा कर्मचारी ठरत नाही. त्याचा पगार महामंडळाच्या उत्पन्नावर आणि त्याचे निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या तुटपुंज्या योजनेवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२१ अखेरीस सुरू झालेल्या आणि पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या संपात यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा येथील आगारांसह राज्यभरच्या कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी विलीनीकरणाची, म्हणजे महामंडळाचे कर्मचारी शासनाचे कर्मचारी मानावेत अशी होती. साठ वर्षांपूर्वी विदर्भाची बससेवा ज्या दाराने शासनाच्या घराबाहेर पडली, त्याच दाराने आत येण्याची ही मागणी होती, असे म्हणता येईल. शासनाने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी मूळ वेतनात सेवेच्या कालावधीनुसार अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ दिली, परंतु मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने विलीनीकरण अमान्य केले आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना कामावर रुजू होण्यासाठी २२ तारखेची मुदत दिली. पगाराचा प्रश्न पैशाने मिटवता येतो. दर्जाचा प्रश्न पैशाने मिटत नाही, हे त्या संपाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट केलेले नाही.

सर्वांत नमुनेदार उदाहरण विजेचे आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले, आणि खेडोपाडी वीज नेण्याचे काम त्याने केले हे त्याचे टीकाकारही नाकारत नाहीत. परंतु शेतीपंपांची थकबाकी, वीजगळती, चोरी आणि दाभोळ प्रकल्पाच्या महाग विजेचा बोजा यांनी ते जेरीस आले, आणि नव्या शतकाच्या आरंभी ग्रामीण विदर्भाने दीर्घ भारनियमन सोसले. केंद्राच्या विद्युत अधिनियम, २००३ ने राज्यांना मंडळे मोडून निर्मिती, पारेषण व वितरण ही तीन कामे वेगळी करण्यास भाग पाडले. निर्मिती म्हणजे वीज तयार करणे, पारेषण म्हणजे उच्च दाबाच्या मनोऱ्यांवरून ती दूरवर वाहून नेणे आणि वितरण म्हणजे ती घरात व शेतात पोचवून बिल वसूल करणे. त्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावरील सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. यवतमाळच्या वाट्याला प्रामुख्याने महावितरण आले. ज्या कामात बिलाचा पैसा सर्वांत कष्टाने वसूल होतो आणि लोकांचा राग थेट लाइनमनच्या अंगावर येतो, तेच ते काम.

या कायद्याच्या कलम १३३ मध्ये १९५६ चाच प्रतिध्वनी आहे : नव्या कंपनीत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी हिताच्या असणार नाहीत. हे वचन मोठ्या प्रमाणात पाळले गेले. मंडळाच्या काळातील यंत्रचालक, लाइनमन, लिपिक यांच्या नोकऱ्या टिकल्या, वेतनकरार होत राहिले. बदलले ते प्रवेशद्वार. खांबावर चढून तारा जोडणाऱ्याची भरती आता विद्युत सहायक या पदनामाने होते आणि पहिली तीन वर्षे त्याला वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधन मिळते. अलीकडच्या, ५,३४७ जागांच्या भरतीत ते पहिल्या वर्षी दरमहा १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६ हजार आणि तिसऱ्या वर्षी १७ हजार रुपये होते. ही वर्षे समाधानकारक पार पडली तर तो नियमित तंत्रज्ञ होतो. त्याच्याही खालच्या पायरीवर बाह्यस्रोत कर्मचारी आहे. बाह्यस्रोत म्हणजे काम कंपनीचे, पण माणूस ठेकेदाराचा. तोच खांब, तोच फिडर, तोच पावसाळा आणि विजेचा तोच धोका. मात्र एकाच उपकेंद्रात तीन प्रकारचे कामगार आणि त्यांचे तीन वेगळे पगार. कलम १३३ यांपैकी पहिल्यालाच ओळखते.

४ जानेवारी २०२३ रोजी तीन वीज कंपन्यांच्या तीसहून अधिक संघटनांनी पुकारलेल्या ७२ तासांच्या संपाचे तात्कालिक कारण भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात एका खासगी कंपनीने मागितलेला समांतर वितरण परवाना हे होते. मुंबईजवळच्या परवान्यासाठी यवतमाळच्या कर्मचाऱ्याने संपावर का जावे, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर वीजदरांच्या रचनेत आहे. औद्योगिक व शहरी ग्राहक खर्चापेक्षा अधिक दर देतात आणि त्या जादा पैशातून शेतीपंपांचा स्वस्त दर काही अंशी भागवला जातो. याला आंतर-अनुदान म्हणतात. पैसे देणारा ग्राहक दुसऱ्याकडे गेला, तर दारव्हा-दिग्रसकडचे तोट्यातले फिडर सांभाळणारी कंपनी आणखी खंगेल, आणि तोट्यातली कंपनी सर्वांत आधी माणसांची भरती थांबवते. तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा होऊन संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला. संघटनांचा युक्तिवाद काहींना स्वार्थी वाटेल. पण तो जिल्ह्याच्या हिताशी जुळणारा स्वार्थ होता.

कापसाच्या या जिल्ह्यात कापूस खरेदी करणाऱ्या पणन महासंघाचा उल्लेख टाळता येत नाही. १९७१ च्या अधिनियमाने आलेली कापूस एकाधिकार खरेदी नव्या शतकाच्या आरंभी सैल होऊन संपली, आणि तिच्याभोवती उभी राहिलेली ग्रेडर, मापारी व हंगामी कामगारांची फळी विरळ झाली. आता शासनाला हमीभावाने खरेदीची केंद्रे वाढवायची असतात तेव्हा कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडरच मिळत नाही, आणि शेतकरी गाडी घेऊन खोळंबतो. कौशल्य असलेला नोकरवर्ग मोडायला एक हंगाम पुरतो. उभा करायला पिढी लागते.

निवृत्तिवेतनाची पुनर्रचना या सर्वांपेक्षा शांतपणे आली. राज्य शासनाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू होणाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान योजना लागू केली. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला स्वतः काही न भरता शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळे. नव्या योजनेत तो दरमहा वेतनाच्या दहा टक्के भरतो, शासन आपला वाटा घालते, आणि अखेरीस हाती येणारी रक्कम बाजारातील गुंतवणुकीवर ठरते. एका दिवसाच्या अंतराने रुजू झालेले, एकाच शाळेत समोरासमोरच्या वर्गांत शिकवणारे दोन शिक्षक म्हातारपणी दोन वेगळ्या परिस्थितींत पोचणार, हे त्या तारखेने ठरवले. त्या वेळी विरोध क्षीण होता, कारण ज्यांचे नुकसान होणार होते ते अजून नोकरीतच नव्हते, आणि संघटना नोकरीत असलेल्यांच्या होत्या. मार्च २०२३ च्या सात दिवसांच्या संपापर्यंत मात्र पारडे फिरले होते. कार्यालयांत २००५ नंतरच्यांची संख्या वाढली होती आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा जिल्हाधिकारी कचेऱ्यांपासून पंचायत समित्यांपर्यंत घुमली. त्यानंतर शासनाने ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेचा पर्याय दिला आणि इतरांसाठी हमीचे घटक असलेल्या सुधारित योजना आणल्या.

आजच्या पुनर्रचनेचे मुख्य हत्यार आहे आकृतिबंध. एखाद्या कार्यालयात कोणत्या दर्जाची किती पदे असावीत याचा मंजूर तक्ता म्हणजे आकृतिबंध; तो ‘सुधारित’ झाला असे वाचनात आले की काही पदे गेली, काहींची नावे बदलली आणि क्वचित काही वाढली असे समजावे. वाढीचे उदाहरण म्हणजे तलाठी साझ्यांची, म्हणजे एकेका तलाठ्याकडील गावांच्या गटांची, २०१७ मधील फेररचना, जिच्यात राज्यात तीन हजारांहून अधिक नवे साझे मंजूर झाले. परंतु त्या जागांवर माणसे येण्यासाठी २०२३ च्या भरतीची वाट पाहावी लागली, साडेचार हजारांच्या आसपास पदांना दहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि तोवर एकेका तलाठ्याने अनेक गावांचा अतिरिक्त कारभार ओढला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची मुभा दिली गेली. सुशिक्षित तरुणांच्या तीव्र नाराजीनंतर २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढच्या वर्षी तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी असे नामांतर झाले. नावे मोठी झाली. साझ्याचा पसारा तेवढाच राहिला.

याच काळात शाळांवर संचमान्यतेची, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या प्रक्रियेची, नवी कसोटी आली. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत एका नियमित शिक्षकाच्या जागी मानधनावरील कंत्राटी शिक्षक देण्याचा निर्णय निघाला, आणि शिक्षक संघटनांच्या विरोधानंतर तो बदलावा लागला. कमी पटाच्या शाळा म्हणजे कोणत्या, हे यवतमाळमध्ये विचारण्याचे कारण नाही. पोडावर मुलेच पंधरा-वीस असतात. तेथील पद संपले तर शाळेचा नियमित शिक्षक बदलीने दुसरीकडे सामावला जातो, त्याचे नुकसान मर्यादित. पोडावरच्या मुलांचे आणि डी. एड. होऊन गावात बसलेल्या तरुणाचे नुकसान कोणत्याही कलमात मोजले जात नाही.

शासनाजवळ पैसा कमी आहे आणि काही पदे खरोखरच कालबाह्य झाली आहेत, हे दोन्ही खरे आहे. पुनर्रचना नकोच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु कर्मचाऱ्याच्या सेवाशर्तींसाठी जशी कायद्यात तरतूद असते, तशी पदांसाठीही असावी. कोणत्या जिल्ह्यातील किती पदे रद्द झाली, किती कंत्राटी झाली आणि त्यांचे काम आता कोण करतो, हे प्रत्येक पुनर्रचनेबरोबर जिल्हावार प्रसिद्ध करणे शासनाला बंधनकारक केले पाहिजे, आणि यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी ते सभागृहात मागितले पाहिजे. कारण जुन्या संरक्षणाला मुदत आहे. २००५ साली विसाव्या वर्षी विद्युत मंडळात लागलेला कर्मचारी २०४३ च्या सुमारास वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल, आणि कलम १३३ ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांपैकी क्वचितच कोणी त्यानंतर जिल्ह्याच्या वीज कार्यालयांत कामावर असेल.